रजई धरून वीस सेंटिमीटर

१६ डिसेंबर, सोमवार

१. सकाळी ६:४० ते ८:०५ या वेळात, कंबरेला दोर बांधून, मुनए नदीच्या पात्रात गिरमिटाने अकरा भोकं पाडली आणि बर्फाची जाडी मोजली.
२. सरासरी ७.४ सेंमी. उत्सवासाठी हवी २०.
३. ९:१० वाजता जिल्हाप्रमुख गुकसाहेबांनी पत्रकारांना सांगितलं, की सोल्हा गावाचा हिवाळी ट्राउट उत्सव ठरल्याप्रमाणे ११ जानेवारीला सुरू होईल आणि बर्फ उत्तम आहे.
४. ९:३० वाजता त्यांनी मला बोलावून विचारलं, की मोजपट्टी थेट नदीच्या तळापर्यंत घातली तर किती भरेल.
५. मी म्हटलं, ऐंशी.
६. ते म्हणाले, "मग ऐंशीतले वीस लिहायला काय हरकत आहे, इंजिनियरबाई?"
७. ते विनोद करत होते की नाही, हे मला कळलं नाही. मी हसले नाही. तेही हसले नाहीत.

नोकरीची नोंद एकदाच करून ठेवते. मी जलशास्त्राची इंजिनियर, वय एकोणतीस. नेमणूक २८ फेब्रुवारीपर्यंत. काम एकच: बर्फ वीस सेंमी झाला की प्रमाणपत्रावर सही करणं. त्या सहीशिवाय विमा कंपनी उत्सवाची जबाबदारी घेत नाही आणि विम्याशिवाय उत्सव भरत नाही. जानेवारीतल्या तीन आठवड्यांत माणसं बर्फाला भोकं पाडून गळ टाकतात, आणि त्यावर हे गाव उरलेले एकोणपन्नास आठवडे जगतं. हे मला पहिल्या दिवशी सात जणांनी सांगितलं. सातही जणांनी सांगताना माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

८.१ सेंमी.

ट्राउट पाळणारे यांग गिथे आज सकाळी नदीवर आले. वय अंदाजे तेहतीस. त्यांच्या तळ्यांत उत्सवासाठी वाढवलेला तीस टन मासा आहे. बर्फ झाला नाही तर तो कुणी घेणार नाही, आणि मार्चनंतर पाणी कोमट झालं की तो मरायला लागेल. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं. मग त्यांनी गिरमिट धरायला मदत केली. गिरमिट धरायला एकच माणूस लागतो. बार्लीचा चहा थर्मासमधून आणला होता. दोन कप होते.

२६ डिसेंबर, गुरुवार

९.० सेंमी. दुपारी चार अंश. डिसेंबरात.

समितीपुढे तक्ता मांडला. पूर्वीच्या दहा वर्षांत ११ जानेवारीला वीस सेंमी बर्फ नऊ वेळा होता. गेल्या दहा वर्षांत तीन वेळा. कल लक्षात घेतला तर यंदाची शक्यता शंभरात एकतीस.

"एकतीस म्हणजे होणार का नाही होणार?" गुकसाहेबांनी विचारलं.

"एकतीस."

"अहो, मी लग्नाला येणार का विचारलं तर कुणी 'एकतीस' म्हणतं का?"

महिला मंडळाच्या अध्यक्षा चो बोक्सुन मावशी कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्याच घरी भाड्याने राहते. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा मेहुणा म्हणतो. आणि येत नाही."

सगळे हसले. मग समिती पुढच्या विषयावर गेली. पुढचा विषय होता उद्घाटनाच्या फितीचा रंग.

२ जानेवारी, गुरुवार

पाऊस. ११.३ वरून १०.९. भर जानेवारीत पाऊस पडल्याची नोंद जुन्या वह्यांत शोधली; एकदा सापडली, आणि शेजारी कुणीतरी पेन्सिलीने "खोटं वाटेल" असं लिहिलं आहे.

समितीत आलेल्या सूचना, आल्या त्या क्रमाने: शेजारच्या जिल्ह्यातून बर्फ आणावा. फ्रिज आणावेत. आठ मोठे पंखे लावावेत. मंदिरातल्या भिक्खूंना विचारावं. (भिक्खूंना विचारलं. त्यांनी मला फोन करून शक्यता विचारली.)

बोक्सुन मावशींची सूचना शेवटची आणि सर्वांत बरी होती: दिवसा ऊन लागू नये म्हणून गावातल्या सगळ्या खानावळी आणि खोल्यांमधल्या रजया बर्फावर अंथरायच्या, चार वाजता उचलायच्या. तत्त्वतः यात चूक नाही. मी तसं सांगितलं. गेल्या तीन आठवड्यांत माझ्या तोंडून बाहेर पडलेला हा पहिला होकार असावा, कारण मंडळाने टाळ्या वाजवल्या.

४ जानेवारी, शनिवार

१२.६. सहाशे बारा रजया. गुलाबी, पोपटी, मोराच्या पिसांच्या, दोन लग्नातल्या लाल रेशमी. नदी बाळंतिणीच्या खोलीसारखी दिसते. यांग गिथे पुलावर उभे राहून बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "मासे म्हणतील, आज उठायचंच नाही."

मी म्हटलं, माशांच्या पापण्या मिटत नाहीत, त्यामुळे ते झोपलेत का उठलेत, हे सांगणं अवघड आहे. ते म्हणाले, "बरोबर." आणि उगाच हसत राहिले.

६ जानेवारी, सोमवार

काल दुपारी साडेतीनला भुरभुर पाऊस आला. रजया भिजल्या. मंडळ आडोशाला गेलं. पाच वाजता एकदम पारा उणे नऊवर गेला. सहा वाजता मंडळ रजया उचलायला आलं.

रजया उठल्या नाहीत.

आज सकाळी अठरा बायकांनी मिळून एक ओढली. तिचा कोपरा हातात आला, बाकीची तिथेच राहिली. सहाशे बारा रजया बर्फात आहेत. वरून पाण्याचा पातळ थर गोठलाय, त्यामुळे मोराची पिसं काचेखाली ठेवल्यासारखी दिसतात.

मावशी घरी येऊन खालून तापवलेल्या जमिनीवर आडव्या झाल्या. म्हणाल्या, "पोरी, लाल रेशमी माझी होती. नवरा गेला, रजई राहिली होती. आता तीही पाण्याला दिली."

तुकडा सुटा करता येईल का, ते पाहते म्हटलं. आज चार वाजता कोमट पाणी आणि करवत घेऊन दीड तास प्रयत्न केला. यांग गिथेंनी करवतीचं दुसरं टोक धरलं. रेशीम तीन चतुर्थांश निघालं. हे कामाच्या वेळेत केलं, म्हणून उद्या दीड तास जास्त थांबेन.

८ जानेवारी, बुधवार

१७.१ सेंमी.

गुकसाहेब स्वतः मोजपट्टी घेऊन आले. भोकात घातली, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"एकोणीस पूर्णांक सहा!"

"साहेब, त्यात अडीच सेंमी रजई आहे."

"मग? गोठलीय ना?"

"गोठलीय."

"कडक आहे ना?"

"आहे."

"मग ती बर्फच झाली की हो! आणि दुपदरी रजई शोधली तर सरळ वीसच्या वर."

त्यांनी खरंच दुपदरी रजई शोधायला माणसं पाठवली. मिळाली. बावीस पूर्णांक एक. त्यांनी तिथेच पेन पुढे केलं.

मी सही केली नाही. कारण लिहून दिलं: प्रमाणपत्रावर "बर्फाची जाडी" असा शब्द आहे.

खासगी नोंद. धाग्यांमुळे बर्फ चिवट होत असणं शक्य आहे. फुलांच्या रजयांवर कुणी अभ्यास केल्याचं आढळलं नाही. संध्याकाळी मी पाऊण तास त्याचं गणित मांडत बसले होते. सही करता यावी म्हणून मी गणित मांडत होते, हे पान भरल्यावर लक्षात आलं. पान फाडलं.

उद्घाटन १८ तारखेपर्यंत पुढे ढकललं. ही दुसरी तारीख शेवटची आहे. त्यानंतर चांद्र नववर्ष, आणि माणसं आपापल्या गावी जातात.

१३ जानेवारी, सोमवार

१६.८. घटतोय.

बाजारात भाजलेली रताळी घेतली. विकणाऱ्या बाईंनी एक जास्त दिलं आणि म्हणाल्या, "खा, हातात ताकद येईल. सही करायला." थट्टा होती. पण त्यांच्या दुकानाच्या मागे उत्सवासाठी भरलेली रताळ्याची चाळीस पोती दिसत होती.

मला शंका येते, की मी बरोबर असणं आणि उपयोगी असणं यांत गल्लत करते आहे. वीस सेंमी हा आकडा कुणीतरी ठरवलेला आहे. तो एकोणीसही असू शकला असता. पण सोळा पूर्णांक आठ नसता. दिवसाला वीस हजार माणसं, आणि प्रत्येक जण बर्फाला आणखी एक भोक पाडणार. सही मी करणार नाही. हे ठरलं, आणि ठरल्यावर जेवण गेलं नाही.

यांग गिथे आज मला नावाने, "सोरानबाई" म्हणाले. आजवर "इंजिनियरबाई" म्हणत. कारण समजलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

तोडगा निघाला. बर्फावर मासेमारी नाही. काठावर कुंड खणून, त्यात ट्राउट सोडून, लोकांनी हातांनी पकडायचे. मासा खपला तर निदान यांग गिथेंची तळी रिकामी होतील. गुकसाहेब म्हणाले, "कुंड म्हणजे टबच की हो. चार तास गाडी चालवून टब बघायला कोण येणार?" पण मान्य केलं.

पूजा मात्र बर्फावरच हवी, यावर सगळ्यांचं एकमत. डुकराचं मुंडकं, तांदळाच्या पिठाचा वाफाळता त्तोक, माकगल्ली ही तांदळाची दारू, सगळं नेहमीप्रमाणे. मी काठावर करायला सुचवलं.

"बर्फाची पूजा काठावरून?" मावशी म्हणाल्या. "सासूला फोनवरून वाकून नमस्कार करशील का तू?"

हिशेब केला. सोळा सेंमीवर चाळीस माणसं उभी राहू शकतात, फक्त पांगून: माणशी चार चौरस मीटर. मी बर्फावर चाळीस लाल ठिपके रंगवले, प्रत्येकाला नावाची पट्टी लावली, वाद नको म्हणून नावं अक्षरक्रमाने. एवढ्यापुरती लेखी परवानगी दिली; विमा कंपनीने पूजेची आणि कुंडांची जबाबदारी घेतली. सकाळी लवकर मंडळातल्या बायकांना दोर धरायला काठावर उभं करणार आहे. गरज पडणार नाही, पण नियमात आहे.

१८ जानेवारी, शनिवार

घटना सकाळी १०:२२ ला घडली.

माझी चूक अक्षरक्रमात होती.

निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी, आडनाव 'हा', वय चौऱ्याऐंशी, अक्षरक्रमाने अडतिसाव्या ठिपक्यावर, म्हणजे अगदी मागे आले. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलंय, आणि काहींना छडीही दिलीय. पहिल्या ठिपक्यावर, मुंडक्याच्या समोर, आला एकतीस वर्षांचा नगरसदस्य. तो गुरुजींना पाहून तांबडालाल झाला.

"गुरुजी, तुम्ही पुढे या!"

"नको रे, इंजिनियरबाईंनी मला इथे ठेवलंय."

"पुढे या हो, नाहीतर आमचे वडील मला घरात घेणार नाहीत!"

गुरुजी पुढे आले. नगरसदस्य मागे जाईना, कारण मागे त्याचा कनिष्ठ होता. मग सहकारी बँकेचे अध्यक्ष पुढे आले, कारण ते गुरुजींच्याच वर्गातले. ते आले म्हणून अग्निशमन दलाचे प्रमुख, मग निवृत्त झालेले तीन जिल्हाप्रमुख, ज्येष्ठतेने. "तुम्ही आधी." "छे, तुम्ही." मी शिट्टी वाजवली. त्यांना वाटलं, सुरुवात करायची खूण आहे. चाळीसच्या चाळीस माणसं मुंडक्यासमोर साधारण पाच मीटर गुणिले चार मीटर जागेत, नीट वयाने लागून उभी राहिली. आणि मग सगळ्यांनी एकदम गुडघे टेकून, कपाळ खाली नेऊन, मनापासून नमस्कार केला.

आवाज मोठा नव्हता. जाड खाकरा मोडावा तसा.

पाणी त्या जागी कमरेएवढं. कुणालाही इजा नाही. दोन श्रवणयंत्रं, एक कवळी, कवळी नंतर मिळाली. गुलाबी रजयांनी माणसं धरून ठेवली: बर्फ फुटला तरी कापड लगेच फाटलं नाही, आणि सगळे पाळण्यात उतरावेत तसे सावकाश पाण्यात गेले. धाग्यांबद्दलची शंका खरी ठरली, नोंद घ्यावी. मंडळातल्या बायकांनी दोर फेकले. मावशी ओरडत होत्या, "आधी गुरुजी! साहेब, तुम्ही थांबा, तुम्ही जाड आहात!" डुकराचं मुंडकं तरंगत होतं, तोंडात पूजेला वाहिलेल्या नोटा, आणि चेहरा फार समाधानी. गुकसाहेबांच्या कोटातून काठावर आल्यावर एक ट्राउट निघाला. त्यांनी तो उचलून धरला आणि थरथरत कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, "उत्सवाचं उद्घाटन झालं."

मी संध्याकाळी राजीनामा लिहिला. गुकसाहेब गरम पाण्यात बसले होते, त्यामुळे देता आला नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

पडण्याची चित्रफीत चाळीस लाख लोकांनी पाहिली. माणसं येत आहेत. बर्फ बघायला नाही, कुंडासाठी नाही. भोक बघायला. काठावर रांग लावतात, भोकाकडे पाठ करून गुडघे टेकतात, नमस्कार करतात, फोटो काढतात. तिथून कुंडावर जातात, मासा पकडतात, भिजतात, मावशींच्या टपरीवर गरम रस्सा पितात. रताळ्यांची चाळीस पोती काल संपली.

यांग गिथेंचे अकरा टन मासे गेले. त्यांनी राजीनाम्याचा कागद माझ्या वहीतून पडलेला पाहिला, उचलून दिला, आणि म्हणाले, "तुम्ही गेलात तर गिरमिट कोण धरणार?" मी म्हटलं, ते एकट्या माणसाचं काम आहे. ते म्हणाले, "हो, तेच तर." हे वाक्य अपूर्ण वाटलं.

राजीनामा गुकसाहेबांनी घेतला नाही. "वेड लागलंय का? तुमच्या ठिपक्यांमुळेच तर झालं सगळं!" माझ्या कामाचं यापूर्वी कुणी इतकं कौतुक केलेलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

उणे सतरा. २०.३ सेंमी.

तीनदा मोजलं. रजई वगळून. धावतच कार्यालयात गेले (धावल्याची नोंद फक्त इथे). "साहेब, वीस झाले! मी सही करू शकते."

गुकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "आणि भोक?"

"भोक मिटतंय. सकाळी त्यावर नऊ सेंमी होता."

"अहो, मग इथे काय उभ्या आहात! माणसं लावा! कुऱ्हाडी द्या!"

चौदा माणसं दोन-दोन तासांच्या पाळीने भोक उघडं ठेवत आहेत. शेजारच्या खोलीत कुणीतरी फोनवर विचारत होतं, पाणी गरम करायचं यंत्र भाड्याने मिळेल का. महिनाभर ज्या बर्फासाठी या गावाने रजया अंथरल्या, त्याला आता कुऱ्हाडी मारत आहेत. प्रमाणपत्र तासभर माझ्या हातात होतं. कुणी मागितलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

गुकसाहेबांनी बोलावलं. तीन वर्षांची नेमणूक देऊ केली. पुढच्या वर्षीची तारीखही छापायला दिली आहे: १० जानेवारी. त्या दिवशी मान्यवर पुन्हा पडतील, "नियोजनपूर्वक", आणि कोण कुठे उभा राहिला म्हणजे बर्फ नक्की फुटेल, हे मी काढून द्यायचं. गुरुजींनी दुसऱ्यांदा पडायला होकार दिला आहे. शिवाय यंदाचं भोक नैसर्गिक असल्याचा दाखला विमा कंपनीला हवा. नैसर्गिक असेल तर भरपाई मिळते.

"बर्फ जाड झाला तर पडणार कसे?" मी विचारलं.

"जाड झाला तर मासे पकडू. पातळ झाला तर पडू. म्हणजे आपली शक्यता शंभरात शंभर!"

"आणि बर्फच नसला तर?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तेवढं नका विचारू, इंजिनियरबाई."

पहिल्यांदाच वाटलं, की तक्ता त्यांना पहिल्या दिवसापासून समजलेला आहे.

घरी मावशींना नेमणुकीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहा ना. तो यांगांच्या घरचा मुलगा रोज दोन कप घेऊन जातो, एक कप घेऊन गेला तर बिचाऱ्याला जड वाटेल." थर्मास तोच राहिला, तर एका कपाने वजनात फारसा फरक पडत नाही. पण राहावंसं वाटतं. कारणांची यादी करायला बसले. पहिलं कारण लिहून खोडलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

पाठवलेल्या पत्राची नक्कल:

जिल्हाप्रमुख गुकसाहेब यांस,

आज बर्फाची जाडी २३.४ सेंमी आहे. सही केलेलं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. कुणी मागितलेलं नाही, तरी ते खरं आहे, म्हणून देते.

भोक नैसर्गिक असल्याचा दाखला देता येणार नाही. ते चाळीस माणसांनी आणि माझ्या यादीने पाडलं. भरपाई बुडेल, याची मला कल्पना आहे.

माणसांना पाडण्याचं गणितही मी करणार नाही. यंदा रजया होत्या, आणि पाणी कमरेएवढं होतं.

नेमणुकीबद्दल आभारी आहे. पुढच्या वर्षी १० जानेवारीला वीस सेंमी बर्फ असण्याची शक्यता माझ्या हिशेबाने शंभरात एकोणतीस. त्यापुढे ती कमी होत जाईल. किती वेगाने, हे मला सांगता येत नाही आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. उत्सव काठावरच्या कुंडांचा म्हणून जाहीर केला, आणि बर्फ झाला तर त्या आठवड्यात त्यावरची मासेमारी जोडली, तर तीन वर्षं मी आनंदाने काम करीन. आधी तारीख छापून मग बर्फाकडून ती पाळायची अपेक्षा असेल, तर सही करायला दुसरं कुणी शोधावं. यांग गिथे यांना पुढच्या हंगामाची पिल्लं या महिन्यात तळ्यात सोडायची आहेत. किती सोडायची, हे आपल्या उत्तरावर ठरेल.

या दोहोंपैकी काय ठरलं, ते कृपया शुक्रवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवावं.

प्यो सोरान